भोंगा, सभा आणि सलोखा

मुंबईतल्या कापडगिरण्यांच्या भागातल्या, म्हणजे गिरणगावातल्या शांततेच्या कामाचा पहिला ठळक प्रसंग भायखळ्याच्या राणीच्या बागेत घडला. ११ ऑगस्ट १८९३ रोजी, शुक्रवारी, जुम्मा मशिदीच्या परिसरात हिंदू-मुसलमानांची दंगल सुरू झाली आणि पाहता पाहता शहरभर पसरली. त्याआधी काठेवाडात प्रभासपाटणला दंगा झाला होता, गोरक्षणाच्या चळवळीने वातावरण तापले होते आणि अफवांना ऊत आला होता. दुसऱ्या दिवशी गिरण्यांतले कामगारही मोठ्या संख्येने या हाणामारीत उतरले. लष्कर बोलवावे लागले. सुमारे ८० माणसे मेली, शेकडो जखमी झाली आणि दीड हजारांच्या आसपास लोकांना अटक झाली.

दंगल शमली, पण गिरणीत दुसरीच अडचण उभी राहिली. रत्नागिरी, सातारा, पुणे या भागांतून आलेले हिंदू कामगार आणि मदनपुऱ्यात राहणारे मुसलमान विणकर एकाच छताखाली राबत होते. काल एकमेकांवर दगड उचललेल्या माणसांना आज शेजारी शेजारी उभे राहून माग चालवायचे होते. हे लक्षात घेऊन कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी राणीच्या बागेत कामगारांची ऐक्यसभा भरवली आणि दोन्ही समाजांच्या हजारो कामगारांना एकत्र बसवले. लोखंड्यांचा शब्द या गर्दीने मानला, कारण तिच्या पोटापाण्याच्या प्रश्नावर ते आधीची ९ वर्षे झगडत होते.

परळ, लालबाग, दादर आणि गिरगाव या पट्ट्यातल्या पुढच्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासात हाच धागा पुन्हा पुन्हा सापडतो. येथे ज्यांनी शांतता राखली, त्यांतल्या बहुतेकांनी त्याआधी किंवा त्यानंतर न्यायाची लढाई लढली होती. कामाचे तास, सुटी, शाळा, नुकसानभरपाई आणि घर हे त्या लढाईचे विषय होते.

रविवारची सुटी

लोखंडे १८४८ मध्ये जन्मले. त्यांचे मूळ गाव पुणे जिल्ह्यातले कन्हेरसर. मॅट्रिकपर्यंत शिकून त्यांनी टपाल खात्यात आणि पुढे एका गिरणीत स्टोअरकीपर म्हणून नोकरी केली. गिरणीतली अवस्था त्यांनी तिथे डोळ्यांनी पाहिली. ते जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक विचाराचे होते. कृष्णराव भालेकरांनी पुण्यात १८७७ मध्ये सुरू केलेले ‘दीनबंधु’ हे पत्र १८८० पासून लोखंडे मुंबईतून चालवू लागले.

त्या काळी गिरणीत दिव्यांची सोय नव्हती, म्हणून दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम चाले. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून पाळीही लांबलेली. भोंगा झाल्यावर यायचे आणि दिसेनासे झाले की परतायचे, असा तो शिरस्ता होता. आठवड्याची सुटी नव्हती. सणासुदीला गिरणी बंद राही, तेवढाच विसावा.

१८८४ च्या सप्टेंबरात परळच्या सुपारीबागेत लोखंड्यांनी कामगारांची सभा घेतली. याच सुमारास ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ ही संघटना उभी राहिली. सभेत ठरलेल्या मागण्या साध्या होत्या: रविवारी पूर्ण सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत आणि यंत्रात सापडून जायबंदी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पगार. सुमारे ५,५०० कामगारांनी या अर्जावर सह्या व अंगठे केले आणि तो सरकारने नेमलेल्या फॅक्टरी कमिशनपुढे ठेवण्यात आला.

या अर्जावर निर्णय लागायला वेळ लागला. २४ एप्रिल १८९० रोजी सुमारे १०,००० कामगारांची सभा भरली. तिथे दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. त्या काळात सभेत बाईने उभे राहून बोलणे हीच मोठी गोष्ट होती. पुढे १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघटनेने रविवारची सुटी मान्य केली. १८९१ च्या कारखाना कायद्याने आठवड्याची सुटी आणि मधल्या वेळची अर्ध्या तासाची विश्रांती कायद्यात आली. स्त्रियांचे काम ११ तासांवर आणि मुलांचे ७ तासांवर आणले गेले. आज सर्वांना नैसर्गिक वाटणारी रविवारची सुटी अशी मिळवावी लागली होती.

लोखंड्यांची न्यायाची कल्पना गिरणीच्या दारापुरती नव्हती. विधवांचे केशवपन करण्याची चाल बंद व्हावी, म्हणून १८९० मध्ये मुंबईतल्या नाभिकांची सभा झाली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही, असे तिथे ठरले. या खटपटीमागे लोखंडेच होते. १८९३ च्या दंगलीनंतर त्यांनी केलेल्या कामाची दखल घेऊन १८९५ मध्ये सरकारने त्यांना रावबहादूर केले. मुंबईत प्लेगची साथ आली तेव्हा ते रुग्णांसाठी धावाधाव करत होते. त्याच साथीत ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचा मृत्यू झाला.

परळमधली एक शाळा

गिरगावात १८६७ मध्ये स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाने विठ्ठल रामजी शिंदे यांना ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्माचा अभ्यास करायला पाठवले होते. परत आल्यावर ते १९०३ पासून समाजाचे प्रचारक म्हणून काम करू लागले. प्रवचने करतानाही अस्पृश्य वस्त्यांतले हाल त्यांना अस्वस्थ करत. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी त्यांनी ‘डिप्रेस्ड क्लासेस मिशन’ची स्थापना केली आणि परळमध्ये अस्पृश्य मुलांसाठी पहिली शाळा उघडली. न्यायमूर्ती नारायण गणेश चंदावरकर मिशनचे अध्यक्ष झाले. शिंद्यांची बहीण जनाबाई या कामात त्यांच्या बरोबरीने उभी राहिली.

या शाळेची जागाच तिचे महत्त्व सांगते. गिरणीच्या चाळींत अस्पृश्य कामगारांची वस्ती वेगळी, पाण्याचा नळ वेगळा. त्यांच्या मुलांना दुसऱ्या शाळेत दाराबाहेर बसावे लागे. गिरणीच्या भोंग्याच्या टप्प्यात, वस्तीला लागून शाळा उघडल्याने मुलांना पाटी घेऊन येणे शक्य झाले. पुढे मिशनच्या शाळा महाराष्ट्रात आणि बाहेरही पसरल्या. १९१७ मध्ये कोलकात्याच्या काँग्रेस अधिवेशनात अस्पृश्यता निवारणाचा ठराव मंजूर झाला, त्यामागेही शिंद्यांचे प्रयत्न होते.

वॉशिंग्टनला गेलेला कामगार प्रतिनिधी

पहिल्या महायुद्धानंतर १९१९ मध्ये व्हर्सायचा तह झाला. त्या तहातूनच आंतरराष्ट्रीय कामगार संघटना जन्माला आली. टिकाऊ शांतता सामाजिक न्यायाच्या पायावरच उभी राहू शकते, हे तत्त्व तिच्या घटनेच्या प्रारंभीच नोंदवले गेले. लोक उपाशी, थकलेले आणि अपमानित असतील तर करारावरची शाई वाळायच्या आत पुन्हा युद्ध पेटेल, असा त्यामागचा विचार होता.

या संघटनेची पहिली परिषद त्याच वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वॉशिंग्टनला भरली. भारतातल्या कामगारांचे प्रतिनिधी म्हणून तिथे नारायण मल्हार जोशी गेले. जोशी १८७९ मध्ये कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावला जन्मले. १९०९ मध्ये ते गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले आणि १९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. परळ आणि आसपासच्या वस्त्यांत लीगने रात्रशाळा, वाचनालये, दवाखाने आणि सहकारी पतपेढ्या चालवल्या. परळचा दामोदर हॉल लीगचाच. जोशींची शैली शांत होती. टाळ्या घेणाऱ्या भाषणापेक्षा आकडे, अर्ज आणि कायद्याचा मसुदा यांवर त्यांचा भर असे.

वॉशिंग्टनच्या परिषदेने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास कामाचा पहिला करार मंजूर केला. भारतासाठी मात्र आठवड्याला ६० तासांची वेगळी मर्यादा ठरली. ती १९२२ च्या कायद्याने लागू झाली. पुढच्या परिषदांना जाणारा कामगार प्रतिनिधी सरकारने आपल्या मर्जीने न निवडता देशभरच्या कामगार संघटनेने सुचवावा, ही निकड यातून पुढे आली. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईतच लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसची स्थापना झाली. त्यानंतर जोशी केंद्रीय कायदेमंडळात गेले. १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा आणि १९२६ चा ट्रेड युनियन कायदा यांसाठी त्यांनी चिकाटीने पाठपुरावा केला. संघटना बांधणे हा यापुढे गुन्हा राहिला नाही.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेला १९६९ मध्ये नोबेल शांतता पारितोषिक मिळाले. त्याच्या १४ वर्षे आधी, १९५५ मध्ये, जोशी वारले होते. लोअर परळच्या डिलाईल रोडला त्यांचे नाव आहे.

मणिभवनातला उपवास

गिरगाव चौपाटीजवळ लॅबर्नम रोडवर मणिभवन हे रेवाशंकर जगजीवन झवेरी यांचे घर. १९१७ ते १९३४ या काळात महात्मा गांधींचा मुंबईतला मुक्काम बहुधा इथेच असे. ६ एप्रिल १९१९ रोजी रौलट कायद्याविरुद्धच्या सत्याग्रहाची सुरुवात त्यांनी जवळच्या चौपाटीवरच केली होती.

१७ नोव्हेंबर १९२१ रोजी प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईत उतरले. त्यांच्या स्वागतावर बहिष्कार घालण्याचे काँग्रेसने ठरवले होते. परळच्या एल्फिन्स्टन मिलच्या आवारात विदेशी कापडाची होळी पेटली आणि गांधींचे भाषण झाले. ते घरी परतण्यापूर्वीच शहरात दंगल उसळली होती. स्वागताला गेलेल्या पारशी, ख्रिस्ती आणि युरोपीय लोकांना जमावाने गाठून मारले, विदेशी टोप्या हिसकावल्या, ट्रामगाड्या फोडल्या. दुसऱ्या दिवशी प्रतिहल्ले सुरू झाले आणि खादी घातलेली माणसे मार खाऊ लागली. या काही दिवसांत ५० हून अधिक लोक मारले गेले.

गांधींनी हिंसेचे खापर दुसऱ्यांवर फोडले नाही. आपल्याच अनुयायांनी अल्पसंख्यांवर हात टाकला, हे त्यांनी उघडपणे लिहिले आणि पारशी व ख्रिस्ती बांधवांची माफी मागितली. १९ नोव्हेंबरला त्यांनी मणिभवनात उपवास सुरू केला. शहरात शांतता होईपर्यंत अन्न घ्यायचे नाही, असे त्यांनी जाहीर केले. हिंदू, मुसलमान, पारशी आणि ख्रिस्ती पुढारी मोहल्ल्यांत फिरू लागले. दंगल थांबल्यावर २२ नोव्हेंबरला सर्व समाजांच्या प्रतिनिधींसमोर त्यांनी उपवास सोडला. बारडोलीत सुरू व्हायची सामुदायिक कायदेभंगाची मोहीमही त्यांनी तूर्त लांबणीवर टाकली.

याच अहिंसेच्या शिस्तीचा कस ९ वर्षांनी काळबादेवीत लागला. आंबेगाव तालुक्यातल्या म्हाळुंगे पडवळचा बाबू गेनू हा विशीतला गिरणी कामगार १२ डिसेंबर १९३० रोजी विदेशी कापडाने भरलेल्या लॉरीच्या वाटेत आडवा झाला. लॉरी त्याच्या अंगावरून गेली आणि तो मेला. त्याने हातात दगडही घेतला नव्हता.

धोट्यातला धागा

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ पासून १९३४ पर्यंत परळच्या पोयबावडीजवळच्या बी. आय. टी. चाळीत राहिले. ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी ‘मूकनायक’ सुरू केले. २० जुलै १९२४ रोजी ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’ स्थापन झाली. तिचे कार्यालय दामोदर हॉलमध्ये होते, म्हणजे जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगच्या वास्तूत. सभेने वसतिगृहे आणि वाचनालये चालवली. १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर पाणी पिण्याचा हक्क आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली बजावण्यात आला.

गिरणीतला अन्याय आंबेडकरांना शेजारच्या खोल्यांतून कळत होता. विणकाम खात्यात मजुरी चांगली मिळे, पण त्या खात्यात अस्पृश्य कामगारांना शिरकाव नव्हता. त्याचे कारण मागाच्या धोट्यात (शटलमध्ये) होते. धोट्यातली कांडी संपली की नवी भरावी लागे आणि तिच्या सुताचे टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढायला विणकर भोकाला तोंड लावून सूत ओढून घेई. तोच धोटा नंतर दुसऱ्या विणकराच्या हाती जाई. अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा सवर्ण विणकरांना चालत नव्हता. पाण्याच्या नळावरचा विटाळ असा थेट पगारापर्यंत पोचला होता.

१९२८ मध्ये एप्रिल ते ऑक्टोबर असा गिरण्यांचा मोठा संप चालला. सुमारे दीड लाख कामगार त्यात होते. विणकाम खाते सर्वांना खुले करा, हा मुद्दा आंबेडकरांनी संप समितीसमोर लावून धरला आणि अखेर तो मागण्यांत घ्यावा लागला. मालकांनी मात्र हात झटकले. ही बंदी आमची नाही, कामगारांचीच आहे, असे त्यांचे म्हणणे होते. कामगारांची एकजूट ही नुसत्या घोषणेने होत नाही, आपल्याच रांगेतला भेद आधी मोडावा लागतो, हे या वादाने उघड केले.

१० वर्षांनी हे चित्र बदललेले दिसले. मुंबई सरकारने आणलेल्या औद्योगिक तंटा विधेयकाने समझोत्याची प्रक्रिया पुरी होण्याआधीचा संप बेकायदा ठरणार होता. आंबेडकरांच्या मते संपाचा हक्क नाकारणे म्हणजे कामगाराचे स्वातंत्र्य नाकारणे. त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने कम्युनिस्टांच्या बरोबरीने ७ नोव्हेंबर १९३८ रोजी एक दिवसाचा संप पुकारला. आदल्या संध्याकाळी परळच्या कामगार मैदानावर मोठी सभा झाली. १९२८ मध्ये आंबेडकरांचे अनुयायी आणि कम्युनिस्ट या ज्या दोन गटांत अविश्वास होता, ते आता एकाच व्यासपीठावर होते.

१९४२ ते १९४६ या काळात आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. १९३४ च्या कायद्याने आठवड्याचे काम ५४ तासांवर आले होते, ते १९४६ च्या दुरुस्तीने ४८ तासांवर आले. वॉशिंग्टनला ठरलेला आकडा भारतीय गिरणीत पोचायला २७ वर्षे लागली. ६ डिसेंबर १९५६ रोजी आंबेडकरांचे निधन झाले आणि दुसऱ्या दिवशी दादरच्या चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. तिथल्या चैत्यभूमीवर दरवर्षी ६ डिसेंबरला लाखो लोक रांगेने येतात आणि रांगेने परततात.

मोहल्ला कमिट्या

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो कधी रीतसर मागे घेतला गेला नाही. गिरण्या एकेक करून थंड झाल्या, कित्येक कुटुंबे गावी परतली आणि गिरणगावातली युनियनची पकड सुटली. दंगलीच्या वेळी कामगारांना एकत्र बसवणारी जुनी व्यवस्थाही त्याबरोबर गेली.

अशा शहरात डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये दोन टप्प्यांत दंगली झाल्या. सुमारे ९०० लोक मेले. त्यानंतर १२ मार्च १९९३ रोजी झालेल्या साखळी बॉम्बस्फोटांत २५७ लोकांचा जीव गेला. स्फोट झालेल्या ठिकाणांत दादरचे प्लाझा सिनेमागृहही होते. चौकशीसाठी न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांचा आयोग नेमला गेला. १९९६ मध्ये राज्य सरकारने तो गुंडाळला, पण काही महिन्यांतच पुन्हा सुरू करावा लागला. आयोगाने फेब्रुवारी १९९८ मध्ये अहवाल सादर केला आणि त्यात हिंसेची, तसेच पोलिसांच्या वागणुकीची ठाण्याठाण्यानुसार नोंद केली.

दरम्यान रस्त्यावरचे काम वेगळ्या रीतीने सुरू झाले होते. त्याचा नमुना भिवंडीत होता. १९७० आणि १९८४ च्या भीषण दंगलींनी होरपळलेल्या त्या यंत्रमागांच्या गावात पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून वस्तीवस्तीत मोहल्ला कमिट्या बांधल्या. दोन्ही समाजांचे सामान्य लोक पोलिसांबरोबर नियमाने बसत आणि पाण्याच्या भांडणापासून मिरवणुकीच्या वाटेपर्यंत सगळे तिथे बोलले जाई. १९९२ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली.

मुंबईत माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे आणि तत्कालीन आयुक्त सतीश साहनी यांनी १९९४ च्या सुमारास अशाच कमिट्यांची चळवळ उभी केली. कमिटीचे काम ऐकायला साधे वाटते. अफवा आली की दोन्ही बाजूंच्या ओळखीच्या माणसांना लगेच निरोप जायचा, खरेखोटे तपासले जायचे आणि पोरांना रस्त्यावरून घरी पाठवले जायचे. पोलीस आणि वस्तीतली मुले यांचे क्रिकेटचे सामनेही भरवले गेले. १८९३ मध्ये लोखंड्यांनी एका सभेत केलेले काम आता वर्षभर, दर बैठकीत करायचे होते.

जमीन आणि घर

गिरण्या बंद पडल्या तरी गिरणगावातला न्यायाचा प्रश्न संपला नाही, त्याने रूप बदलले. १९८९ मध्ये मॉडर्न मिलमधले कामगार दत्ता इस्वलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘बंद गिरणी कामगार संघर्ष समिती’ स्थापन केली. त्यांनी उपोषण, धरणे आणि मोर्चे हे मार्ग निवडले. १९९१ च्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे करायचे होते: एक मोकळ्या जागेसाठी पालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला आणि एक मालकाला. २००१ च्या बदलाने ही वाटणी मोकळ्या जमिनीपुरती उरली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. त्यामुळे लोकांच्या वाट्याची जमीन फार कमी झाली. तरी कामगारांच्या घरांचा आग्रह समितीने सोडला नाही. २०१२ मध्ये म्हाडाने गिरणी कामगारांसाठी पहिली सोडत काढली आणि हजारो कुटुंबांना, कुठे कामगाराला तर कुठे त्याच्या वारसाला, घर मिळाले. त्याहून कितीतरी अधिक अर्जदार मागे राहिले. इस्वलकर ७ एप्रिल २०२१ रोजी वारले.

लोखंड्यांनी १८८४ मध्ये सभा घेतली त्या परळमध्येच आज त्यांच्या नावाची महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्था आहे. कामगार कायदा, नुकसानभरपाई आणि औद्योगिक तंट्यांतला समेट हे विषय तिथे शिकवले जातात. सुपारीबागेतल्या अर्जातले प्रश्नही हेच होते.